वसलेले अरण्य

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पर्जन्यवन, म्हणजे बारमाही उष्णता आणि विपुल पाऊस यांवर पोसलेले सदाहरित दाट जंगल, साठ लाख चौरस किलोमीटरांहून अधिक भूभागावर पसरलेले आहे आणि त्याचा निम्म्याहून जास्त हिस्सा एकट्या ब्राझीलमध्ये येतो. एवढ्या मोठ्या प्रदेशाविषयी जगभर जे चित्र रूढ झाले, ते निर्मनुष्य आणि आदिम रानाचे: त्यात जॅग्वार आहे, ॲनाकोंडा आहे, मकाव पोपटांचे थवे आहेत, आणि माणूस असलाच तर तो झाडीतून डोकावणारा, रानाच्या घडणीत काहीही वाटा नसलेला. गेल्या काही दशकांतील संशोधनाने हे चित्र बरेच डळमळीत केले असले, तरी ते इतका काळ का टिकले हा प्रश्न निव्वळ वनस्पतिशास्त्राचा नाही, कारण या चित्रावर विसंबून रस्ते आखले गेले, जमिनी वाटल्या गेल्या आणि कायदेही झाले.

रान आणि माणूस यांच्यातील रेषा किती पुसट आहे हे पाहण्यासाठी ब्राझील नटचे झाड पुरेसे आहे. पन्नास मीटरपर्यंत उंच जाणाऱ्या आणि कित्येक शतके जगणाऱ्या या वृक्षाच्या फुलावर एक घट्ट झाकण असते, जे उचलून आत शिरण्याचे बळ फक्त काही थोराड रानमाश्यांमध्ये असते. त्या नसतील तर फळ धरत नाही. फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि पिकले की लाकडासारख्या कठीण कवचाचा तो दोन किलोंपर्यंतचा गोळा थेट जमिनीवर आदळतो, म्हणून पावसाळ्यात ही फळे वेचणारे लोक वारा सुटल्यावर झाडाखाली जाण्याचे टाळतात. ते कवच फोडणारा प्राणी म्हणजे अगूती, सशाएवढा, तीक्ष्ण दातांचा एक कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातला कुरतडणारा जीव. तो काही बिया खातो, उरलेल्या पुढच्या बेगमीसाठी पुरतो आणि त्यातल्या काही विसरतो. विसरलेली बी रुजते खरी, पण दाट सावलीत रोप वाढत नाही, त्याला ऊन लागते. ते ऊन एखादे जुने झाड कोसळल्यावर मिळते, तसेच माणसाने शेतीसाठी साफ करून पुढे पडीक सोडलेल्या तुकड्यावरही मिळते, आणि अशा पडीक जागांत या वृक्षाची रोपे अधिक दाटीने आढळतात असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे आज ज्या राया पाहून प्रवासी निसर्गाच्या औदार्याने भारावतात, त्यांपैकी काहींच्या मुळाशी माशी आणि अगूती यांच्या जोडीला कुणाचे तरी सोडून दिलेले शेतही असू शकते. ब्राझीलच्या कायद्याने हे झाड तोडण्यास बंदी केली आहे. परंतु भोवतीचे रान साफ करून कुरण केले आणि झाड तेवढे उभे ठेवले, तर माश्या येत नाहीत, अगूती उरत नाही, आणि कायदा अक्षरशः पाळला जाऊनही झाड वांझ राहते.

या रानाखालची माती बहुतांशी निकस आहे, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला विसंगत वाटते. लक्षावधी वर्षांच्या पावसाने जमिनीतील क्षार धुऊन नेले आहेत, आणि जे पोषण आहे ते मुख्यतः झाडांच्या देहात साठलेले आहे: पान गळते, बुरशी आणि कीटक ते भराभर कुजवतात, आणि वरच्या थरात पसरलेली मुळे ते सत्त्व जमिनीत झिरपण्यापूर्वीच शोषून घेतात. याच निकसपणावर बोट ठेवून बेटी मेगर्स या अमेरिकी पुरातत्त्वज्ञ विदुषीने १९७१ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, अशा भूमीवर मोठी आणि स्थिर लोकवस्ती पोसली जाणे शक्यच नव्हते. तर्क बिनचूक होता, मात्र माती जशी मिळाली तशीच राहते हे त्यातले गृहीतक टिकले नाही. नद्यांच्या काठांवर, विशेषतः उंच धक्क्यांवर, ठिकठिकाणी काळ्याभोर सुपीक मातीचे पट्टे सापडतात, ज्यांना पोर्तुगीजमध्ये ‘तेर्रा प्रेता’ म्हणतात. त्यांत कोळसा, खापरे, माशांची व जनावरांची हाडे आणि मानवी वस्तीतला इतर केरकचरा मिसळलेला असतो. त्यांपैकी बरेचसे सुमारे अडीच हजार ते पाचशे वर्षांपूर्वीच्या काळातले आहेत, आणि शेकडो वर्षे उलटूनही त्यांचा कस इतका टिकून आहे की आजचे शेतकरी अजूनही पिकांसाठी हेच तुकडे निवडतात. कोळसा सत्त्व धरून ठेवतो आणि पावसाला ते नेऊ देत नाही, एवढेच त्यामागचे साधे कारण.

स्पॅनिश सरदार फ्रान्सिस्को दे ओरेयाना याने १५४१-४२ मध्ये ॲमेझॉन नदी अँडीजच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत पार केली, तेव्हा त्याच्या बरोबरचा धर्मोपदेशक गास्पार दे कार्वाहाल याने काठाने लांबच लांब पसरलेल्या दाट वस्त्यांचे वर्णन लिहून ठेवले होते. त्याच वृत्तांतात लढवय्या स्त्रियांची कथाही असल्यामुळे पुढच्या वाचकांनी सगळेच काल्पनिक ठरवले, आणि नंतर आलेल्यांना वस्त्या दिसल्या नाहीत म्हणून तो निवाडा पक्का झाला. दरम्यान देवी, गोवर यांसारख्या युरोपातून आलेल्या साथी आणि गुलामांसाठी पडलेल्या धाडी यांनी काठ ओस पाडले होते, याचा विचार फार उशिरा झाला. अलीकडे लायडर, म्हणजे विमानातून लेसर किरण सोडून झाडीखालच्या जमिनीचे उंचसखल मोजण्याचे तंत्र, वापरात आल्यावर २०२२ मध्ये बोलिव्हियातील आणि २०२४ मध्ये इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यातील चौथरे, कालवे आणि सरळ रस्त्यांची जाळी शास्त्रीय नियतकालिकांतून जगासमोर आली. यावरून सारे ॲमेझॉन म्हणजे एक उद्यान होते असा उलट टोकाचा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल. नद्यांपासून दूरच्या मोठ्या पट्ट्यांत शेतीच्या खुणा अगदी तुरळक आहेत आणि त्याविषयी अभ्यासकांत खरा मतभेद आहे. तथापि वृक्षांची गणनाही काही सांगते: येथील झाडांच्या सुमारे १६,००० जातींपैकी अवघ्या २२७ जाती मिळून एकूण झाडांची निम्मी संख्या भरते असा २०१३ चा अंदाज आहे, आणि माणसाने जोपासलेल्या जाती या बहुसंख्य गटात अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त आहेत.

येथील लोकांचे ज्ञान किती दूर पोहोचले याचा दाखला मराठी स्वयंपाकघरातही आहे. ॲमेझॉनच्या दक्षिण सीमेवर प्रथम लागवडीखाली आलेला कसावा, म्हणजे साबुकंद, याच्या कडू जातींत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. तेथील स्त्रिया तो कंद किसतात, ‘तिपिती’ नावाच्या विणलेल्या लांबट नळीत भरून ताणून पिळतात, निघालेला रस उकळून विषमुक्त करतात आणि चोथा भाजून त्याचे पीठ ठेवतात. त्या रसाच्या तळाशी बसणारे पिष्ट म्हणजेच टॅपिओका. पोर्तुगिजांच्या जहाजांतून हे पीक दक्षिण भारतात आले, आणि आज तमिळनाडूतील सेलमच्या कारखान्यांत त्यापासून बनणारा साबुदाणा एकादशीला चालतो. या कंदाविषयी जुन्या धर्मग्रंथांचे मत काय असते, हे विचारण्याची सोय अर्थातच नाही.

निर्मनुष्य रानाचे चित्र सर्वांत उघडपणे वापरले गेले ते ब्राझीलमधील लष्करी राजवटीत. १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष मेदिसी यांनी ॲमेझॉनपार महामार्गाची घोषणा केली, तेव्हा भूमिहीन माणसांना माणसांविना पडून असलेली भूमी देणे हा तिचा हेतू सांगितला गेला. ती भूमी तशी नव्हती, हे रस्ते पुढे सरकू लागताच दिसले. कुयाबा ते सांतारें या दुसऱ्या महामार्गाच्या वाटेत पानारा लोकांचा मुलूख होता. १९७३ मध्ये त्यांच्याशी शांततामय संपर्क झाला आणि त्यापाठोपाठ आलेल्या रोगांनी दोन वर्षांत इतकी माणसे दगावली की, १९७५ मध्ये उरलेल्या ७९ जणांना विमानाने शिंगू येथील राखीव प्रदेशात, पूर्वी ज्यांच्याशी वैर होते अशा जमातींच्या शेजारी, हलवण्यात आले. मूळ मुलखाचा बराचसा भाग दरम्यान गुरांची कुरणे आणि सोन्याच्या खाणी यांनी व्यापला होता, तरी त्यांनी रान शाबूत असलेला तुकडा शोधून काढला, १९९० च्या दशकात तेथे परत जाऊन गाव वसवले, आणि शासनावर खटला भरून भरपाईही मिळवली.

या परतीचे महत्त्व आज वेगळ्या कारणाने वाढले आहे. ब्राझीलची सध्याची राज्यघटना जारी झाली त्या ५ ऑक्टोबर १९८८ या दिवशी जी जमीन आदिवासींच्या ताब्यात होती तेवढ्यावरच त्यांचा हक्क मानावा, असा एक युक्तिवाद तेथील शेतमालकांच्या गटाने दीर्घकाळ लावून धरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो फेटाळला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये संसदेने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून तोच युक्तिवाद कायद्यात आणला. १९८८ च्या त्या ऑक्टोबरमध्ये पानारा आपल्या रानापासून शेकडो किलोमीटर दूर, शासनाने नेऊन ठेवले होते तेथे होते.