धरलेला दोर

दोर कापणे ही आपल्या मराठी मुलुखात फार मानाची गोष्ट आहे. १६७० सालच्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री सिंहगडावर तानाजी पडला, मावळ्यांचा धीर सुटू लागला, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. चौथीच्या वर्गाला ही कथा सांगताना दरवर्षी माझा आवाज चढतो आणि खिडकीशी बसून एरवी पेंगणारी पोरेही ताठ होतात. परतीचे दोर कापतो तो शूर, हे गणित आपल्या अंगात मुरलेले आहे. पण ते दोर आधी कोणी तरी बांधले होते, गाठ पक्की बसली ना म्हणून दोन-दोनदा ओढून पाहिली होती. त्या गाठ बांधणाऱ्यावर मात्र आपण पोवाडे रचत नाही.

गेल्या जानेवारीत चिखलदऱ्याच्या एका काळ्या कातळावर मी काही मिनिटे लोंबकळलो. तेव्हापासून मला या दुसऱ्या माणसाविषयी फार आदर वाटू लागला आहे.

वाचकांना नवल वाटेल, मलाही वाटते. वयाची सेहेचाळीस वर्षे उलटलेल्या, चष्मा लावणाऱ्या मास्तराने कड्यावर कशाला जावे? मी मूळचा दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती इतकी खोल की घराच्या पायाला दगड हवा तर तो बाहेरून गाडीत घालून आणायचा. लहानपणी चढण्यासारख्या जागा दोनच, एक धाब्याचे छप्पर आणि दुसरी चिंच. पाऊस सरून आभाळ निवळले की उत्तरेला गाविलगडच्या डोंगरांची निळी रेघ दिसायची. ती रेघ लांबून पाहायची वस्तू आहे, अशीच माझी समजूत होती. पुढे मॅट्रिक झालो. त्यावरची पायरीही मी चढलो नाही. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि कादंबरीत कडा चढवणे अगदी सोपे असते. एक वादळी रात्र, एक विजेचा लखलखाट, की अर्ध्या पानात नायक माथ्यावर!

अशा घरात माझ्या थोरल्या मुलीला डोंगराचे वेड लागले. ती अमरावतीला शिकते. अमरावती हे आखाड्यांचे गाव. तिथल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी देशी खेळ जगापुढे करून दाखवले होते. दोरीच्या मल्लखांबावर उलटी लटकलेली पोर पाहून त्या गावात कोणी थांबतसुद्धा नाही. माझी मुलगीही तशी लटकायची आणि मी कौतुकाने पाहायचो. पण मागल्या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत तिला प्राथमिक अभ्यासक्रमाला जायचे होते.

आमच्या आईने ताबडतोब निकाल दिला, "पोरीच्या जातीले कायले पायजे कडे चढनं? पडली-बिडली त मंग?" सौभाग्यवती काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असते. मी मास्तरकीला शोभेल अशा रीतीने त्या संस्थेची माहिती काढली. संस्था १९६५ सालची. २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पाय ठेवणारी पहिली भारतीय स्त्री बचेंद्री पाल हिने तिथेच धडे घेतले होते. हे वाचून ऊर भरून आला. पण त्याच वाचनात दुसरीही गोष्ट होती. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमप्रपात होऊन त्याच संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाच्या तुकडीतील पंचवीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक शिकायला आलेली तरुण मुलेच होती. ती बातमी वाचली आणि तो कागद मी कपाटात कुलूप लावून ठेवला.

मुलीने कुलूप पाहिले. रुसली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण एकदा कमरेला दोर बांधून पाहा, आणि मग म्हणा."

जानेवारीत एका गिर्यारोहण मंडळाचे तीन दिवसांचे शिबिर चिखलदऱ्याला भरणार होते. नवशिक्यांसाठी होते, वयाची अट नव्हती. तेवढी एक अट असती तर किती बरे झाले असते!

परतवाड्याहून एस. टी. घाट चढू लागली तशी हवा पालटली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच आहे. महाराष्ट्रात असून तिथे कॉफी पिकते, आणि वऱ्हाडात असून तिथे माणसे दुपारी बारा वाजता स्वेटर घालून बसतात. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत लोटले ती हीच दरी, असे लोक सांगतात. कीचकदरा हेच गावाचे मूळ नाव म्हणे. सौभाग्यवतीला मी भीमकुंड दाखवले. ती आत डोकावून म्हणाली, "लोटायला जागा बरीक छान निवडलीन." मग माझ्याकडे आणि मुलीकडे एकेकदा पाहून डब्याची पिशवी घट्ट धरून बसली.

गावाजवळच गाविलगड आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ च्या सुमारास बांधलेला हा किल्ला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडले, पण आतला तट शाबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. आमच्या या डोंगरात माणसे कडे चढली ती अशी, मारायला किंवा मरायला. केवळ चढण्यासाठी चढावे ही कल्पना त्या दगडांनाही नवीनच असेल.

ती कल्पना आली आल्प्सकडून. तिथल्या माँ ब्लाँ शिखरावर १७८६ साली पहिल्यांदा माणसे पोहोचली, आणि १८२१ साली शामोनी गावच्या वाटाड्यांनी आपली संघटना काढली. परक्या माणसाला दोराला बांधून वर न्यायचे आणि धडधाकट खाली आणायचे, हा त्यांचा धंदा झाला. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नचे शिखर पहिल्यांदा सर झाले. सात जण वर पोहोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, मधला दोर तुटला आणि चौघे खाली गेले. तो तुटका दोर झेरमाट गावच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. आपण कापलेल्या दोराची कथा सांगतो, ते तुटलेल्या दोराची सांगतात.

आमच्या तुकडीचा मार्गदर्शक जवळच्या गावचा एक कोरकू तरुण होता. बोलायला मोजका. पहिला दिवस त्याने नुसत्या गाठी बांधायला लावल्या. आठाच्या आकड्यासारखी एक गाठ असते. ती बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. मग जोडीदाराने ती तपासायची. बांधणाऱ्याने स्वतःची गाठ स्वतः तपासून भागत नाही, हा तिथला पहिला नियम. चाळीस पोरांच्या वह्या तपासणाऱ्या मला माझ्याच पोरीने दोनदा गाठ सोडायला लावली.

दुसऱ्या दिवशी कातळ. लाव्हाचा थरावर थर बसून झालेला हा काळा दगड, सहा-साडेसहा कोटी वर्षांचा. थंडीत हात लावला की बोटे बधिर. मार्गदर्शकाने सांगितले ते असे : दोन हात आणि दोन पाय मिळून चार. त्यांतले तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. भार पायांवर ठेवायचा. हात फक्त तोलाला. मी सात-आठ फूट चढलो आणि नकळत कातळाला छातीशी धरले. खालून आवाज आला, "सर, दगडाले मिठी मारू नका. मिठी मारली का पाय सुटते. अंग जरा मांगं घ्या, म्हंजे पायाची जागा दिसन."

खरेच होते. छाती दगडाला चिकटली की आपलेच पाऊल आपल्याला दिसत नाही. अंग थोडे मागे घेतले आणि बोटभर रुंदीची एक खाच दिसली. भीती वाटते म्हणून माणूस जवळ जातो, आणि जवळ गेल्यानेच घसरतो. हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवले. कातळाखेरीज आणखी कशाला ते लागू पडते, ते तेव्हा लिहिले नाही.

दोराचे काम मला तिथेच उमगले. माझी कल्पना होती की दोर आपल्याला वर ओढतो. तसे काही नसते. चढणाऱ्याच्या कमरेपासून तो वर माथ्यावरच्या कडीतून जातो आणि खाली दुसऱ्याच्या हाती येतो. तो दुसरा त्याला सारखा आवरत असतो. फार सैल सोडला तर चढणारा खोल पडेल. फार ताणून धरला तर त्याचा तोल जाईल, त्याला पाऊल टाकता येणार नाही. बरोबर धरलेला दोर चढणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही. मार्गदर्शकाच्या भाषेत, "चढा तं तुमालेच लागते. दोर पडल्यावरच कामाचा."

तिसऱ्या दिवशी माझा दोर मुलीच्या हाती आला. माझे वजन अठ्ठ्याहत्तर किलो, तिचे पन्नास. म्हणून तिला मागच्या झाडाला एका पट्ट्याने जखडले, आणि दोराचे शेपूट हाती घेऊन मार्गदर्शक तिच्यामागे उभा राहिला. सौभाग्यवती भाकरी-ठेच्याचा डबा मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली. मी तीसेक फूट चढलो असेन. तिथे कातळ पोटासारखा पुढे आला होता. उजवा हात वर टाकला, बोटे खाचेत गेली, आणि त्याच क्षणी डावा पाय सुटला.

पडणे फार लहान होते. दोन-तीन हात. पण त्या दोन-तीन हातांत सारे घर डोळ्यांपुढून गेले. मग कमरेला हिसका बसला, दोर थोडा लांबला, आणि मी हवेत हळूहळू फिरू लागलो. हे दोर मुद्दाम असे विणतात की ते ताणून लांबावेत आणि हिसका गिळावा, हे ज्ञान मला त्या क्षणी मुळीच आठवले नाही. मी खाली पाहिले. मुलगी पट्ट्यासकट पुढे खेचली गेली होती, पण दोन्ही हात दोरावर होते. ती हसली नाही, किंचाळलीही नाही. म्हणाली, "बाबा, धरलंय. हात झटका, दम घ्या. घाई नाही."

धरलंय! शाळेच्या मैदानावर तिला सायकल शिकवताना कॅरिअर धरून मी मागे धावायचो आणि हाच शब्द ओरडायचो. तिच्या तोंडून तो ऐकताना मला प्रथमच कळले की ही मुलगी नुसती धाडसी नाही; ती सावध आहे. आजवर मी तिला चढताना पाहिले होते, तिने कोणाला धरताना पाहिले नव्हते. चढणाऱ्या पोराचे धाडस पाहून बापाला धसका बसतो. धरणाऱ्या पोराचा हात पाहिला म्हणजे जीव थोडा थाऱ्यावर येतो.

थोडाच, हेही सांगायला हवे. हिमप्रपाताला दोराची भाषा कळत नाही. २०२२ साली गेलेल्यांचेही दोर कोणी तरी नीटच धरले होते. तेव्हा माझी भीती चिखलदऱ्याच्या कड्यावर राहिली आणि मी मोकळा होऊन खाली आलो, असे कादंबरीत लिहीन. इथे लिहिणार नाही. भीती एस. टी.त माझ्या शेजारीच बसून घरी आली. पण घरी आल्यावर मी कपाटाचे कुलूप काढले, कागद तिच्या हातात दिला. आईने विचारले, "काहून रे, जाऊ देतं का तिले?" मी म्हणालो, "आई, जाऊ देत नाही. दोर सोडतो आहे, हातात धरून." आईला ते मुळीच पटले नाही. तिने देवापुढे आणखी एक वात वाढवली. तिचा दोर तो.

हे लिहितो आहे तेव्हा मुलगी उत्तरकाशीला आहे. अधूनमधून तिचा फोन येतो. वरच्या तळाला गेली की तोही येत नाही. चकल्या तळायच्या दिवसाआधी ती घरी पोहोचायची आहे. त्या दिवसावर सौभाग्यवतीने पंचांगात तांबड्या पेन्सिलीने खूण केली आहे आणि सकाळ-संध्याकाळ ती ते पान उघडून पाहते. तिकडे मुलीच्या दोराचे दुसरे टोक कोणा अनोळखी पोराच्या हातात असेल, आणि त्याच्या दोराचे तिच्या हातात. त्याचाही बाप कुठे तरी, केरळात म्हणा, आसामात म्हणा, रात्री उठून पाणी पीत असेल. तो पोरगा दोर कसा धरतो, ते त्या बापाला विचारायला माझ्याजवळ त्याचा पत्ता नाही. पण आमच्या पोरीच्या हाताविषयी त्याने निश्चिंत असावे. मी स्वतः लोंबकळून पाहिले आहे.