तेहेतीस वेळा तेच

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याला आपण उगाच नावे ठेवतो. भाजी कालचीच निघाली तरी आपला चेहरा पडतो. मग आयुष्यच कालचे निघाले तर?

मी शिक्षक. वीस वर्षे नववीला तेच समास शिकवतो आहे. परवा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलाला पाचवीत घालायला आला आणि हसत म्हणाला, "सर, अजून समासच का?" बोलला बिचारा सहज, पण शब्द मनात रुतून बसला. वीस वर्षे मी पुढे चाललो, की घाण्याच्या बैलासारखा नुसता फिरलो?

या प्रश्नावर मला पियानोने धीर दिला असे सांगितले, तर तुम्ही हसाल. मला पियानो वाजवता येत नाही. पण ऐकायला काही परवानगी लागत नाही. पाश्चात्त्य संगीतात एक प्रकार आहे. आधी एक साधी धून वाजवायची; मग तिचीच एकामागून एक रूपे मांडायची. कधी सूर बारीक विणायचे, कधी लय बदलायची, कधी हसरी धून उदास स्वरांत न्यायची. आतला सांगाडा मात्र बहुधा तोच. मुले 'ट्विंकल ट्विंकल' म्हणतात ना, त्या मूळच्या फ्रेंच चालीची मोझार्टने अशी १२ रूपे केली आहेत.

पण माझा जीव जडला तो बीथोव्हेनच्या ३३ रूपांवर. १८१९ साली व्हिएन्नाचा प्रकाशक आंतोन डियाबेली याने स्वतः रचलेला एक वॉल्ट्झ अनेक संगीतकारांकडे धाडला. प्रत्येकाने एकेक रूप द्यावे, एवढीच मागणी. शूबर्टने दिले, लहानग्या लिस्टनेही दिले. अशी ५० रूपे १८२४ मध्ये छापली गेली. बीथोव्हेनने एकट्याने ३३ दिली! काम मध्ये बाजूला पडले, पुन्हा हाती घेतले आणि १८२३ मध्ये पुरे झाले. तोवर त्याचे कान जवळजवळ गेलेले होते. आणि धून तरी केवढी? मिनिटभरात संपणारी, चारचौघींसारखी. तिच्यातून हा गृहस्थ जवळजवळ तासभराचे संगीत काढतो. पहिलेच रूप लष्करी थाटाचे. बाविसाव्यात 'डॉन जिओव्हानी'तल्या, रात्रंदिवस राबणाऱ्या नोकराची कुरकुर ऐकू येते. (या नोकराचे आणि माझे फार जमते!) एकतिसावे इतके संथ आणि व्याकूळ, की ऐकताना बोलवत नाही.

आणि शेवट? बाखने हार्प्सिकॉर्डसाठी लिहिलेल्या, १७४१ च्या आपल्या रूपमालेत अखेरीस मूळ धून जशीच्या तशी परत आणली होती. बीथोव्हेन परत येत नाही. त्याचे शेवटचे रूप जुन्या वळणाच्या शांत मिनुएटचे आहे. निघाला नाचाच्या गडबडीतून, पोचला निवांतपणी; आणि वाट मात्र सगळी त्या एवढ्याशा धुनेतूनच गेली.

मग समास काय वाईट? गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, 'आईबाप'च का? 'बापआई' का नाही?" तासभर वर्ग भांडत होता. द्वंद्व समास मी इतकी वर्षे शिकवला, पण त्याच्या पोटात एवढे भांडण आहे हे मला त्या दिवशी कळले.

दिवाळीची सुट्टी संपली, की नववीला पुन्हा समास आहेत. मुले नवी आहेत.