पुन्हा सातबारा

मी जागांच्या व्यवहारातून बाहेर पडलो तेव्हा महारेरा नव्हता, जीएसटी नव्हता, मेट्रो कागदावर होती आणि चाकणला विमानतळ येणार होता. मुलांची शिक्षणं, वडिलांचं आजारपण, मग कंपनीतली शेवटची वर्षं यांत मधला काळ गेला. आता निवृत्तीचे पैसे हातात आहेत. भोसरी ते खेड हा पट्टा माझ्या पायाखालचा आहे, म्हणून परत उतरतो आहे. शेअर बाजारात मला तितकं कळत नाही. ही टिपणं उतरायच्या आधीची.

*

विमानतळाचं आधी लिहून ठेवतो. खेड तालुक्यात विमानतळ होणार या भरवशावर कितीतरी वर्षं जमिनी हातोहात फिरल्या. जागा बदलत गेल्या, भाव मात्र प्रत्येक बातमीला चढत गेले. २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरला नेण्याचं ठरलं. ज्यांनी शेतकऱ्याला पूर्ण मोबदला देऊन, खरेदीखत करून जमीन घेतली त्यांची जमीन कुठे गेली नाही. पण विसार देऊन सहा महिन्यांत पुढच्याला विकायचं, या हिशेबाने जे उतरले होते त्यांचे पैसे अडकले. त्यांत कंपनीतली साधी माणसंही होती, भिशी आणि पतपेढीच्या कर्जावर उतरलेली.

आज विमानतळाच्या जागी उन्नत महामार्गाची बातमी आहे. नाशिक फाटा ते खेड, ३० किलोमीटर, आठ पदरी. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. रस्ता व्हायलाच हवा. चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटताना जे अडकले आहेत त्यांना ते पटवून द्यावं लागत नाही. पण जागेची किंमत मी आजच्या रस्त्यावरून ठरवणार. आज त्या सोसायटीपासून कंपनीची बस मिळते का, रात्रपाळीच्या माणसाला पायी घरी जाता येतं का, एवढंच विचारायचं.

*

गुंठ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथल्या कामगाराचं पहिलं स्वप्न तेच होतं आणि अजूनही आहे.

मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली ही गावं १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याच्या आधीपासून आणि नंतरही तिथे गुंठा-दीड गुंठ्याचे तुकडे विकले गेले. नवनगर विकास प्राधिकरणाचा भूखंड परवडत नव्हता, बँक कर्ज देत नव्हती आणि गावाकडून आलेल्या माणसाला डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं होतं. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी अशीच घरं बांधली, पोरं शिकवली. त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

पण राहायला घेणं वेगळं आणि गुंतवायला घेणं वेगळं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. त्यामुळे एकेका गुंठ्याचा स्वतंत्र सातबारा होत नसे. मग दहा-अकरा अनोळखी माणसांची नावं एका सामाईक खरेदीखतात यायची किंवा शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी व्हायची. राहणारा निभावून नेतो. विकणाऱ्याला मात्र पुढे गिऱ्हाईक तसंच शोधावं लागतं, कागदाकडे काणाडोळा करणारं. सरकारने २०२५ मध्ये जुने तुकडे नियमित करण्याची पावलं उचलली, त्याने राहत्या कुटुंबांना दिलासा मिळावा असं मनापासून वाटतं. नवीन तुकडा घ्यायला ते कारण होऊ शकत नाही.

आणि चिखली. १७ मे २०२५ ला इंद्रायणीकाठचे ३६ बंगले महापालिकेने पाडले. बांधकामं नदीच्या निळ्या पूररेषेत होती. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०२४ मध्येच आला होता, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. तिथे भूखंड पाडून विकले गेले होते, लोकांनी आयुष्याची कमाई घालून घरं बांधली होती. विकणाऱ्याचे पैसे केव्हाच वसूल झाले होते, घर मात्र घेणाऱ्याचं पडलं. मी ती जागा नंतर बघून आलो. त्या दिवशी दुसरं काही काम केलं नाही.

*

देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन, म्हणजे बांधकामाला बंदी असलेला पट्टा, आणि दिघीच्या मॅगझीनभोवतीचा रेड झोन. तळवडे, चिखली, निगडी, दिघी या बाजूंना एकाच गावात एक सर्व्हे नंबर आत, शेजारचा बाहेर. एजंट हात पसरून “हद्द त्या झाडापर्यंत” असं दाखवतो. झाडावर भिस्त ठेवायची नाही, नकाशा मागायचा.

*

पूर्वी सौदा ठरला की पहिला प्रश्न असायचा, एक नंबरचे किती आणि दोन नंबरचे किती. जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यापुढची रक्कम रोखीने घेता येत नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली. प्रश्न अजून विचारला जातो, आवाज जरा खाली आला आहे. माझे पैसे पगारातून आणि ग्रॅच्युइटीतून आलेले, करकपात होऊन आलेले. ते रोखीत दिले तर करारावर किंमत कमी लिहिली जाईल आणि उद्या विकताना तोच फरक माझा नफा म्हणून धरला जाईल. त्यामुळे रोखीचा भाग मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही.

*

हिशेब. चाळीस लाखांचा जुना वन बीएचके धरू, भोसरी किंवा मोशीत. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. नोंदणी फी एक टक्का पण कमाल तीस हजार. बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांकात एक टक्का सवलत, ते करायचंच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के आणि परवडणाऱ्या वर्गात बसलं तर एक.

भाडं पंधरा हजार मिळतं असं समजू. वर्षात एक महिना घर रिकामं राहणार. मेंटेनन्स, मिळकतकर, रंग, नळदुरुस्ती वजा केली की हातात सव्वा लाखाच्या आसपास राहतात. त्रेचाळीस लाख घातले त्यावर तीन टक्केही पुरते पडत नाहीत. मुदत ठेव याहून जास्त देते. तीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढलं तर पहिल्या वर्षाचं व्याजच अडीच लाखांवर, हातात राहणाऱ्या भाड्याच्या दुप्पट. म्हणून कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी सरळ नको म्हणतो. ते भाव वाढेल या आशेवर दर महिन्याला खिशातून भरत राहतात.

मग मी का घेतो? पैसे माझे आहेत, कर्जाचे नाहीत, घर माझ्या घरापासून स्कूटरवर जाण्यासारखं आहे आणि गळती लागली तर प्लंबरबरोबर मी स्वतः जाऊन उभा राहू शकतो. या तीनपैकी एकही गोष्ट नसती तर ठेवच बरी होती.

*

या पट्ट्यातला खरा घरमालक बाहेरचा गुंतवणूकदार नाही. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी या गावांत ज्यांची शेती एमआयडीसीत गेली त्यांनी राहिलेल्या गावठाणात, घराच्या मागे, गोठ्याच्या जागी खोल्यांच्या रांगा बांधल्या. एक खोली, एक मोरी, बाहेर सामाईक नळ. त्यांच्या हिशेबात जमिनीची किंमत येतच नाही. त्यामुळे चाकणमध्ये फ्लॅट घेऊन हेल्परला भाड्याने देऊ म्हणणारा माणूस भाड्यात त्यांच्यापुढे टिकत नाही. फ्लॅटला भाडेकरू मिळतो तो लग्न झालेला, कायम झालेला, मुलाला इंग्रजी शाळेत घालू पाहणारा. चाकण-तळेगावात वाहनांचे मोठे कारखाने कितीही असले तरी कायम नोकऱ्या किती, आणि सहा-सात महिन्यांनी बदलणारे कंत्राटी किती, हे बघूनच तिथे घर घ्यावं.

*

सोसायटीत जाऊन पहिला प्रश्न पाण्याचा. महापालिका नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी देते. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मे महिन्याचं टँकरचं बिल मागायचं.

*

महारेरा मे २०१७ पासून आहे. माझ्या जुन्या दिवसांत असता तर अनेकांची फरफट वाचली असती. ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात, नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची. फार चांगलं झालं.

पण कायद्यातली सूट नीट वाचली आणि थबकलो. पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंतच सदनिका, यांपैकी एकात बसलं तरी प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. चिखली, मोशी, रुपीनगर भागात दोन-तीन गुंठ्यांवर उभ्या राहणाऱ्या इमारती या सुटीत बसतात, आणि थोडे पैसे असलेल्या माणसाला परवडतात त्या नेमक्या याच. तिथे पाठीशी महारेरा नाही. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः तपासायचं.

*

एक जागा आवडली होती. सातबारावर तीन भाऊ, दोन बहिणी. भावांनी सांगितलं, बहिणींचं हक्कसोडपत्र आठवड्यात होईल. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने समान हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आणि २००५ च्या आधी वडील वारले असले तरी तो लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मी बहिणींशी बोलायचं म्हटलं तर टाळाटाळ सुरू झाली. मी सोडून दिलं. कायद्याची भीती होतीच. पण एखादी बाई माहेर तुटू नये म्हणून दुय्यम निबंधकासमोर मान खाली घालून अंगठा देत असेल, तर त्या जमिनीतून मला पैसा नको.

*

भाडेकरार नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. आता ऑनलाइन होतो, हजार-दोन हजार वाचवण्यात अर्थ नाही.

आणि अविवाहित मुलांना घर नाही, हा सोसायट्यांचा हट्ट मला मान्य नाही. लातूर, नांदेड, यवतमाळची ही पोरं आयटीआय करून येतात, बारा-बारा तास उभी राहतात. आमची पिढी आली तेव्हा आम्हीही एका खोलीत पाच जण राहिलो. मी त्यांना देणार. ओव्हरटाइम बंद झाला की त्यांचं भाडं पंधरा दिवस उशिरा येतं, तेवढं थांबायची तयारी ठेवूनच भाडं ठरवायचं.

*

माझ्यासारखे अनेक जण येत्या वर्षांत पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या कंपन्यांतून निवृत्त होतील किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतील. रक्कम खात्यात आली की आठवड्याभरात एजंटचा फोन येतो. त्यांना विनंती: विसार देण्याआधी सर्व्हे नंबर घेऊन नगररचना विभागात जा, झोन दाखला घ्या, पूररेषा आणि रेड झोन लेखी विचारा. जमीन असेल तर मोजणीची क प्रत मागा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट तुम्ही नेमलेल्या वकिलाकडून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या नको. एवढं हातात येईपर्यंत चेकबुक घरी ठेवा.