गोधडीवरील नावे

वंशावळीचे दावे चालविता चालविता स्वाक्षरीला पुरावा मानण्याची सवय आम्हांस जडली आहे.

१९४२ साली सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांनी स्थानबद्ध केलेल्या स्त्रियांनी गोधड्या शिवल्या. प्रत्येक गोधडीत ६६ चौकोन. एकेका चौकोनावर एकेकीने दोऱ्याने आपले नाव भरले. आपण हयात आहोत, हे ताटातूट झालेल्या पतीस कळावे, हा हेतू. आज त्याच नावांवरून वंशजांस आपल्या आजीचा माग लागतो.

देवस्थानच्या महाजनकीसाठी आम्ही आमची वंशावळ मांडली. सात पिढ्यांचे पुरुष सापडले. स्त्री एकही नाही. पेटीत पणजीने शिवलेली गोधडी आहे. टाका तिचाच, असे घरात सारे सांगतात. नाव मात्र कोणासच ठाऊक नाही. दावा आमच्याच घराचा, आणि पुराव्याअभावी तो आम्ही हरलो.