चालू कंट्रोलरचं कार्ड

मी नालासोपारा पूर्वेला राहतो आणि गेली अठरा वर्षं बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या वीजघरात इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळतो. वीजघर छोटं आहे. कोळशावरचा एक बॉयलर, एक टर्बाइन, कारखान्यापुरती वीज आणि वाफ. त्याची डीसीएस, म्हणजे सगळी यंत्रं एका जागेवरून चालवणारी नियंत्रण यंत्रणा, बदलायची ठरली तेव्हा निवड समितीत माझंही नाव आलं.

जुन्या यंत्रणेची कार्डं मिळेनाशी झाली होती. एक कार्ड आम्ही दोनदा दुरुस्त करून लावलं. तिसऱ्यांदा ते पहाटे तीनला गेलं आणि फीड वॉटरचा, म्हणजे बॉयलरला पाणी देणारा व्हॉल्व्ह होता तिथेच अडकला. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी खाली जात राहिलं, बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. इजा कोणाला झाली नाही. पण पाणी संपलं की बॉयलरच्या नळ्या जळतात, हे ठाऊक असणाऱ्याला ती मिनिटं विसरता येत नाहीत.

तीन सप्लायर आले. तिघांचे पडदे देखणे, तिघांचे आलेख रंगीत. ऑफिसात चर्चा दरांवरच चालली होती. त्याच सुमारास सकाळच्या डहाणू लोकलमध्ये औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेले एक काका भेटले. २०१३ मध्ये विरारच्या पुढे लोकल सुरू झाल्यापासूनची आमची ओळख. ते म्हणाले, ‘‘आज काय मिळतंय ते सगळेच विचारतात. पंधरा वर्षांनी याचं कार्ड कोण देणार, ते लेखी घे.’’ तो मुद्दा मी त्याच दिवशी टेंडरच्या अटींत घातला.

दुसरा मुद्दा आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरचा. सप्लायरची माणसं पडदे दाखवत होती तेव्हा ते मागे उभे होते. शेवटी पुढे येऊन म्हणाले, ‘‘साहेब, ड्रम लेव्हल, स्टीम फ्लो आणि फीड वॉटर फ्लो मला एकाच पडद्यावर हवेत.’’ कारखान्याने अचानक जास्त वाफ ओढली की ड्रममधला दाब घटतो, पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि पातळी वर गेल्यासारखी दिसते. खरं तर पाणी कमी होत असतं. नुसत्या पातळीवर विसंबून व्हॉल्व्ह बंद केला तर घात होतो. म्हणून तिन्ही आकडे एकत्र बघावे लागतात, यंत्रणेनेही आणि माणसानेही. ट्रिपसाठी पातळीचे तीन वेगळे ट्रान्समीटर आणि तिघांपैकी दोघांचं एकमत, हेही आम्ही तेव्हाच पक्कं केलं.

पेनड्राइव्हवरही वाद झाला. कामाला सोपं पडतं म्हणून काहींना यूएसबी पोर्ट उघडे हवे होते. इराणच्या नतांझ प्रकल्पातली सेंट्रिफ्यूज बिघडवणारा स्टक्सनेट हा मालवेअर २०१० मध्ये उघडकीस आला, तो पेनड्राइव्हवरूनही पसरत होता. मी ते सांगितलं आणि पोर्ट बंद ठेवायचं ठरलं.

शेवटची परीक्षा मी मागून घेतली. प्रत्येकाच्या डेमो पॅनेलवर फीड वॉटरचा कंट्रोल लूप चालू ठेवायचा, व्हॉल्व्ह ६२ टक्क्यांवर आणायचा आणि चालू कंट्रोलरचं कार्ड हाताने बाहेर ओढायचं. जोडीच्या कंट्रोलरने त्याच क्षणी काम हाती घ्यायला हवं. दोघांकडे आकडा ६२ वरून हलला नाही. सर्वांत स्वस्त यंत्रणेत तो थेट शून्यावर आला आणि काही सेकंदांनी परत वर चढला. खोलीत कोणी बोललं नाही. ती काही सेकंदं म्हणजे ड्रममध्ये पाणी जाणं थांबलं, हे सगळ्यांना कळलं होतं.

आम्ही मधल्या दराची यंत्रणा घेतली. सुट्या भागांचा पंधरा वर्षांचा करार लेखी घेतला. तिला आता सहा वर्षं झाली. मधे एकदा रात्री एक कंट्रोलर खरोखर गेला. पडद्यावर अलार्म आला, बॉयलर चालूच राहिला आणि सकाळच्या शिफ्टने कार्ड बदललं.

तुमच्या वीजघरात ही निवड करायची वेळ आली, तर नुसत्या कागदावर विश्वास ठेवू नका. रात्रपाळीच्या ऑपरेटरला समितीत बसवा आणि सही करण्याआधी चालू कंट्रोलरचं कार्ड स्वतःच्या हाताने काढून बघा.