भांगेतली थकबाकी

मराठीत भांग तीन. पहिला डोक्यावर पाडायचा. केसांअभावी माझे ते खाते केव्हाच बंद झाले. दुसरा समुद्राचा. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर ओसरतो, ती भांगाची भरती. तिसरी प्यायची. हिची नि माझी ओळख एका महाशिवरात्रीला, पनवेलात, राहत्या घरी झाली.

मेव्हणे इंदूरचे. तिकडे उज्जैनला प्रत्यक्ष महाकालाचा भांगेने शृंगार करतात आणि भांगेची परवान्याची दुकानेही असतात. त्यांनी डब्यातून हिरवा गोळा काढला, तोही पेढे काढावेत अशा चेहऱ्याने!

"अहो, पण कायदा?" मी विचारले. जन्मभर दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्याला कायदा आधी आठवतो.

"भाऊजी, 1985 च्या कायद्यात गांजा आणि चरस येतात. नुसती पानं नाहीत!"

हे खरेच निघाले. पण आपल्या राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही धरतो, हे मी वाचले दुसऱ्या दिवशी. कर्जाच्या अर्जावरची बारीक अक्षरेदेखील लोक सही केल्यावरच वाचतात.

पाट्यावर बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटली गेली. भांगेची नशा पाण्यात नीट उतरत नाही, तिला स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणून साईचे दूध. सौ.ने आपला पेला आधीच वेगळा काढला, आणि "जपून हो," एवढेच म्हणाली.

पहिला पेला प्यायलो. अर्धा तास झाला, काही नाही. पोटात गेलेली भांग चढायला कधी दीड-दोन तासही घेते, हे मेव्हण्यांनी सांगितले नव्हते. मला वाटले, चेक वटला नाही. म्हणून दुसरा पेला घेतला. त्यात उपासाचे रिकामे पोट. मग दोन्ही चेक एकदम वटले.

मी फरशा मोजू लागलो. दर वेळी एक जादा भरे. कॅश काही जुळेना. मेव्हणे कोपऱ्यात खदाखदा हसत होते. मला मात्र धडधडायला लागले. घसा कोरडा पडला. 'आपण चाललो' अशी खात्रीच झाली. सौ. उशाशी बसली होती. तिचा हात धरून मी म्हणालो,

"अगं, जाण्यापूर्वी एक सांगतो. ऑफिसरच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो नाही. बसलोच नाही. बदलीची भीती वाटली. दोन्ही दिवस वडाळे तळ्यावर भेळ खात बसलो होतो."

बारा वर्षे लपवलेली थकबाकी ती! त्या बारा वर्षांत हिने बिचारीने "पेपर तपासणारेच मेले तसले" म्हणून नातेवाइकांत माझी बाजू लढवली होती.

सौ. जराही हलली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "शर्टाला चिंचेचा डाग होता. दोन्ही वेळा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आता पाणी प्या, आणि झोपा."

सकाळी जागा झालो तेव्हा ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलकी घेत होती. रात्रभर उठली नसावी. मी चहा केला. तो फार गोड झाला होता, पण तिने मुकाट्याने प्यायला.

पुढच्या शिवरात्रीला मेव्हण्यांचा फोन आला. सौ.ने फोनवर हात ठेवला आणि मला विचारले, "दादा विचारतोय, आणू का? तुमचं आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

"नुसती थंडाई कर," मी घाईघाईने म्हणालो.