चकती

चकती आमच्या घरी आली ती कंपनीच्या बसमधून, माझ्या डब्याच्या पिशवीत बसून. २०१३चा जून होता. म्हाळुंग्याच्या बाजूला आमचा कारखाना, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. डिस्पॅचच्या शेडमागे मोडके पॅलेट रचून ठेवलेले असायचे. त्यांच्याखाली एक कुत्री व्यायली होती. पहिला मोठा पाऊस झाला आणि ती दिसेनाशी झाली. पिल्लं एकेक करून लोकांनी नेली. उरली ही, सगळ्यांत बारकी, दोन फळ्यांच्या फटीत नाकाला शेपूट लावून गोल वळून झोपलेली. लेथवरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ती बघा चकती पडलीय." तेच नाव झालं.

तळवड्याच्या रस्त्याने बस निगडीला पोचेपर्यंत ती एकदाही रडली नाही. इंद्रायणीच्या पुलावर बस आचके खायला लागली तेव्हा फक्त पिशवीतून डोकं वर काढून तिने माझ्याकडे पाहिलं. यमुनानगरच्या घराची बेल वाजवताना आईला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. आईने दार उघडलं, पिशवीत बघितलं आणि म्हणाली, "अगं, हिला आधी पुस तरी."

चकती वाढली म्हणजे किती? सहा किलो. त्यापुढे काटा कधी सरकला नाही. पाय आखूड, कान अर्धे उभे नि अर्धे पडलेले, पाठ तांबूस आणि पोट दुधावरच्या सायीसारखं. घरात तिने माणूस निवडला तो मात्र आप्पांना. आप्पा निवृत्त झालेले, दिवसभर घरी. सकाळी सातला त्यांच्याबरोबर फेरी, अकराला त्यांच्या पेपरवर झोप, चारला त्यांच्या चहातलं अर्धं बिस्किट. माझी शिफ्ट बदलायची तशी माझी वेळ बदलायची. आप्पांची वेळ ठरलेली. कुत्र्याला ठरलेल्या वेळेचं माणूस आवडतं.

तिचं ऑपरेशन करून घ्यायचं हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. आईचं मन तयार नव्हतं. "एक वेत तरी होऊ द्यावं म्हणतात," ती म्हणायची. आमचे डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, शांत माणूस. त्यांनी आईला समोर बसवून समजावलं. एक वेत झालं की मादीची तब्येत सुधारते, याला काही आधार नाही. उलट पहिल्यांदा माजावर येण्याआधी ऑपरेशन झालं तर पुढे आचळांत गाठी होण्याचा धोका फारच कमी होतो, आणि गर्भाशयच काढल्यामुळे त्यात पू भरण्याचा, उतारवयातल्या माद्यांच्या जिवावर बेतणारा आजार होत नाही. आईने ऐकून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आजारबिजार नव्हता. ते ओले पॅलेट होते, आणि त्याखालून निघून गेलेली, बरगड्या मोजता येतील अशी तिची आई.

२०१४च्या जानेवारीत एका बुधवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी रिक्षातून आणली तेव्हा भुलीचा अंमल पुरता उतरला नव्हता. लहान कुत्र्याच्या अंगातली ऊब भुलीत फार लवकर उतरते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून आईने गोधडी बरोबर दिली होती. चकती त्या गोधडीत थरथरत होती. जीभ कोरडी, डोळे अर्धे उघडे. पुढच्या उजव्या पायावर सलाईनसाठी केस काढून केलेला एक चौकोन आणि पोटावर बेंबीच्या खाली पांढरी पट्टी. आप्पा रात्रभर खुर्ची टाकून बसले. पहाटे तीनला तिने चमचाभर पाणी घेतलं तेव्हा त्यांनी मला उठवून सांगितलं.

पहिले दोन दिवस ती झोपून होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, टाके बघितले, जखम छान कोरडी आहे म्हणाले. बारा दिवसांनी टाके काढू, तोवर उड्या नाहीत, अंघोळ नाही, चाटू द्यायचं नाही. दोनच औषधं, दोन्ही वजनावर मोजून दिलेली. आम्ही निश्चिंत झालो.

खाज सुरू झाली पाचव्या रात्री.

आधी वाटलं की ती नुसती चाटतेय. "कुत्रा चाटूनच जखम बरी करतो," असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण टाक्यांचा दोरा जिभेने सैल होतो, दातांनी तर तुटतोच, आणि चाटून ओली राहिलेली जखम चिघळते. म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कोन चढवला. सगळ्यांत लहान मापाचा आणला तरी चकतीला तो मोठाच. दाराच्या चौकटीला अडकायची. पाण्याच्या भांड्यावर कोन टेकायचा आणि जीभ पाण्यापर्यंत पोचायची नाही. आईने पाट ठेवून भांडं उंच केलं. चाटणं थांबलं, खाज थांबली नाही. ती मागच्या पायाने पोट ओरबाडायला बघायची, जमेना की फरशीवर पोट घासत पुढे सरकायची. तो घासण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. रात्रीच्या शांततेत सुपात तांदूळ घोळवल्यासारखा.

आम्ही शिफ्ट लावल्या. चाकण-पिंपरीच्या घरांत शिफ्टची भाषा वेगळी शिकावी लागत नाही. फर्स्ट आईची, सेकंड आप्पांची, नाइट माझी, कारण त्या आठवड्यात माझी सकाळची जनरल ड्यूटी होती. नाइटला मी तिच्याशेजारी चटईवर पडायचे, एक हात तिच्या पाठीवर. घासायला उठली की हात कळायचा.

आणि याच रात्रींमध्ये मी चूक केली. घरात जंतुनाशकाची बाटली होती, माणसांच्या जखमेसाठीची. टाक्यांच्या आजूबाजूला लाली दिसत होती. मला वाटलं, जखम दुखावतेय. कापूस भिजवून सकाळ-संध्याकाळ मी तिथे लावत राहिले. शेजारच्या काकूंनी हळद आणि खोबरेल सांगितलं, तेही एकदा लावलं. दोन दिवसांत लाली पसरली आणि बारीक पुरळ उठलं. चकती आता झोपतही नव्हती. कोन जमिनीला टेकवून बसायची आणि आमच्याकडे बघायची. माणसाचं मूल निदान बोटाने दाखवतं. हिला सांगता येत नव्हतं, आणि मी जे करत होते त्यानेच वाढतंय, हे मला कळत नव्हतं.

आप्पांना कळलं. त्यांचं कारण सांगते.

आप्पा हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झाले. पिंपरीत जुनी माणसं नुसतं एचए म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली उभा राहिलेला, देशात पेनिसिलिन बनवणारा हा सरकारी कारखाना. आमच्या गल्लीत ज्याच्या-त्याच्या घरी एचएतला कुणीतरी होताच. आप्पांना पेनिसिलिनबद्दल अपार जिव्हाळा, आणि तितकीच सावधगिरी. ते एखाद्याला सोसलं नाही तर जीव घेऊ शकतं. म्हणून इंजेक्शनआधी हाताच्या कातडीत थेंबभर टोचून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, गांधी उठते का ते बघायचं, हे त्यांनी मला लहानपणी कितीदा तरी सांगितलं होतं. कातडी बोलत नाही, पण लिहून दाखवते, असं ते म्हणत.

आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बॅटरी आणायला सांगितलं. चकतीला आईच्या मांडीवर उताणी धरली. मी टाक्यांवरच प्रकाश टाकत होते. आप्पा म्हणाले, "तिथे नको बघूस. पुरळ कुठे सुरू होतं ते सगळेच बघतात. कुठे संपतं ते बघ."

मी बॅटरी बाजूला नेली. टाक्यांची रेघ स्वच्छ होती, दोन्ही कडा जुळलेल्या, फिकट गुलाबी. लाली तिथे नव्हतीच. ती होती दोन बोटं लांब, आणि तिला काठ होता. जंतुनाशकाने पसरलेला भाग अस्ताव्यस्त होता, पण त्याच्या आत एक गडद रेघ सरळ खाली गेली होती, कोपऱ्यावर काटकोनात वळली होती, परत सरळ. मी क्वालिटीत काम करते. दिवसभर कडा आणि मापंच बघते. उठून पट्टी आणली आणि मोजलं. नऊ सेंटिमीटर, पाच सेंटिमीटर. जखम अशी चिघळत नाही. अंगातून उठलेलं काहीही असं काटकोनात वळत नाही. तिसऱ्या दिवशी काढलेल्या चिकटपट्टीचा तो आकार होता. पट्टीचा गोंद तिच्या कातडीला सोसला नव्हता, आणि त्या आधीच चिडलेल्या कातडीवर मी जळजळीत औषध ओतत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाफ डे टाकून मी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं, केस विंचरून पिसवा-गोचीड नाहीत याची खात्री केली आणि मान हलवली. आप्पांचं बरोबर होतं. मी जंतुनाशकाचं सांगितलं. ते रागावले नाहीत. भरत आलेल्या जखमेला काही लावायचं नसतं, तिला नवी कातडी विणू द्यायची असते, एवढंच म्हणाले. मग त्यांनी मला खाज समजावली, आणि ते मी विसरले नाही. भरणाऱ्या जागी शरीर हिस्टामिन सोडतं, त्याने खाज येते. मुळातून कापलेले केस पुन्हा उगवताना खुंटासारखे टोचतात. मशीन फिरलेल्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. वर जानेवारीची कोरडी हवा. थोडी खाज म्हणजे बरं होण्याचीच खूण. सूज, पू, वास, टाक्यातून पाणी, सुस्ती, ताप यांतलं काही दिसलं तर मात्र रात्री दोनलाही फोन करायचा. खाजेची गोळी त्यांनी वजन बघून दिली आणि बजावलं की माणसांची सर्दी-खाजेची गोळी अंदाजाने कधी द्यायची नाही, वेदनाशामक तर नाहीच. घरातल्या साध्या पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनने सहा किलोच्या कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

घरी येऊन आम्ही सगळं थांबवलं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून ती लाल चौकट हलक्या हाताने पुसली, टाके कोरडे ठेवून. आप्पांच्या जुन्या धोतराचं मऊ फडकं गार पाण्यात पिळून, दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं त्या जागेवर ठेवायचं. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा चकतीने एक मोठा श्वास सोडला आणि तिचे मागचे पाय हळूहळू सैल पडत गेले. आई रडली. मीही रडले.

कोनाने ती फार थकली होती, म्हणून आईने झबलं शिवलं. माझ्या भाच्याचं जुनं सुती झबलं उसवून, पोटाकडे दुहेरी कापड, पुढचे पाय घालायला दोन भोकं, पाठीवर पाच बंद आणि मागची बाजू शी-शूसाठी कापलेली. दिवसा कुणी समोर असलं की झबलं, रात्री कोन. कापड ओलं झालं की लगेच बदलायचं, म्हणून आईने दुसरंही शिवलं, निळ्या चौकडीचं. निळं घातलं की चकती आप्पांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहायची, बंद नीट बांधलेत का ते त्यांनी बघावं म्हणून. आप्पा प्रत्येक गाठ ओढून बघायचे.

तीन दिवसांत पुरळ बसलं. टाके बाराव्याऐवजी चौदाव्या दिवशी निघाले.

पोटावरचे केस दोन-अडीच महिन्यांत परत आले, पण त्या चौकटीतले केस बाकीच्या पोटापेक्षा जरा गडद आले आणि तसेच राहिले. उताणी पडली की तो आयत दिसायचा. आणि उताणी ती रोज पडायची, दुपारी चारला, बिस्किट संपलं की. गार फडक्याच्या त्या पाच मिनिटांची तिला सवय लागली होती. फडकं गेलं, आप्पांचा तळवा राहिला. अकरा वर्षांच्या आयुष्यात आप्पा गावाला गेले ते दिवस सोडले तर ही भेट चुकली नाही. शेवटच्या वर्षी तिला दिसत नव्हतं, तरी चहाच्या कपाचा आवाज आला की ती भिंत धरत धरत खुर्चीपाशी यायची. २०२४च्या थंडीत ती गेली, झोपेत, गोल वळून.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनदादांनी मला थांबवलं. गेटवर एक तांबडी कुत्री असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं ऑपरेशन करून त्यांना कानाला खूण करतात आणि पकडलं तिथेच परत सोडतात, तशी तीही कान थोडा कापलेली, दोन दिवसांपूर्वी परत आलेली. "मॅडम, सारखी पोट घासते ओ. काय लावू?" त्यांच्या हातात हळदीची पुडी होती. मी म्हटलं, दादा, आधी काहीच लावू नका, मला बघू द्या. केबिनच्या सावलीत तिला आडवी केली, मोबाईलचा दिवा लावला आणि टाक्यांपासून बाहेर बाहेर सरकवत नेला. चौकट नव्हती. खुंट टोचत होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी निळ्या चौकडीचं झबलं डब्याच्या पिशवीतून नेलं. तांबडी चकतीपेक्षा बरीच मोठी. पाठीवरचे बंद पुरेनात. दादांनी केबिनमधून पॅकिंगची सुती नाडी आणली, दोन्ही बाजूंना एकेक वीत जोडली, आणि मग प्रत्येक गाठ ओढून बघितली.